जुनेराचे गणगोत

गेल्या माघात आमच्या पौडच्या घरी एक मोझांबिकची मुलगी आली होती. पौडजवळच्या खुबवलीच्या टेकडीवर १९९७ साली युनायटेड वर्ल्ड कॉलेज निघाले आणि तेव्हापासून देशोदेशीची मुले आमच्या मुळशी तालुक्याच्या रस्त्यांवर दिसू लागली. पहिल्यापहिल्यांदा लोक हातातले काम टाकून बघत राहत. आता एस. टी.त शेजारच्या बाकावर कोण बसले आहे हे कोणी मान वळवून पाहत नाही. ही मुलगी माझ्या पुतणीच्या ओळखीची. चहा झाला, पोहे झाले, आणि आमच्या घरात दाखवण्यासारखे काही नसल्यामुळे पुतणी तिला परसात घेऊन गेली. तिथे आक्काने, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीने, उन्हात वाकळा टाकल्या होत्या. मुलीने त्यांतली एक उलटी केली, टाक्यांवरून बोट फिरवले आणि विचारले, "यात कोणाकोणाचे कपडे आहेत?"

आमच्या घरी पुण्यामुंबईचे पुष्कळ पाहुणे येतात. वाकळ पाहून 'किती सुरेख' म्हणणारे त्यांत आहेत, 'विकत द्याल का' विचारणारेही आहेत. पण 'कोणाकोणाचे' असे विचारणारी ही पहिलीच. आक्का एकदम खुलली. हे आईचे लुगडे, हा दादांचा सदरा, हे धाकटीच्या बाळंतपणातले दुपटे, अशी ती एकेका तुकड्यावर हात ठेवून सांगू लागली आणि पुतणी ते इंग्रजीत करून देऊ लागली. मग ती मुलगी आपल्या आजीच्या पेटीविषयी बोलली. मोझांबिकमध्ये बायका कमरेला जे रंगीत कापड गुंडाळतात त्याला कापुलाना म्हणतात. आजीच्या पेटीत अशा कितीतरी कापुलाना घडी घालून ठेवलेल्या आहेत. एक लग्नातली, एक पहिल्या मुलाच्या वेळची, एक १९७५ साली देश पोर्तुगीजांपासून स्वतंत्र झाला तेव्हाची. पेटी उघडली की आजी एकेक घडी बाहेर काढते आणि एकेक गोष्ट सांगते.

ती मुलगी गेली, पण तिचा प्रश्न काही माझ्या मनातून जाईना. त्याला एक खाजगी कारण आहे, ते पुढे सांगेन. दुसरे कारण माझ्या धंद्याचे. मी तीस वर्षे शाळेत इतिहास शिकवला. मलिक अंबर शिकवला, जंजिऱ्याचा सिद्दी शिकवला. ताम्हिणी घाट उतरून माणगावास आणि तिथून मुरुडास मुलांच्या सहली नेल्या. राजपुरीच्या खाडीतून होडीने जंजिऱ्याला जायचे, दरवाजाजवळ पंजांत हत्ती पकडलेल्या सिंहाचे शिल्प मुलांना दाखवायचे, कलालबांगडी तोफेपाशी सर्वांचा एक फोटो काढायचा आणि परत यायचे. खोकरीच्या सिद्दी सरदारांच्या घुमटदार कबरीही पाहायच्या. इतके करून आफ्रिकेतून आलेली माणसे आपल्या इतिहासात केवळ दोन वेषांत येतात, हे माझ्या लक्षात आले नव्हते: एक तर समुद्रावरचा शत्रू, नाही तर शहाणा वजीर. या माणसांनी हातांनी काय केले, त्यांच्या बायका काय करीत, हा प्रश्न कोणा मुलाने विचारला नाही आणि मीही विचारला नाही.

चित्रांतही तेच. हबशी माणसाची चित्रे दख्खनच्या आणि मोगलांच्या दरबारी चित्रकारांनी काढली, आणि फार चांगली काढली. मलिक अंबर हा १५४८च्या सुमारास इथिओपियात जन्मलेला, लहानपणी विकला गेलेला मुलगा. बगदादहून तो दख्खनला आला आणि निजामशाहीचा पेशवा चंगेजखान याने त्याला विकत घेतले. मौज अशी की, हा चंगेजखान स्वतःच हबशी होता. पुढे अंबराने निजामशाही अंगाखांद्यावर सांभाळली, १६१० साली खडकी वसवली, तिला नहरीचे पाणी दिले, आणि जमीनधाऱ्याची जी घडी बसवली तिचे नाव मलिकंबरी म्हणून मराठी कागदांत उरले. त्याचे एक चित्र हाशिम नावाच्या चित्रकाराने काढलेले आहे. ते आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे. शुभ्र जामा, काळाभोर चेहरा, म्हातारपणी जड झालेली पण न वाकलेली मान. छापील प्रतीतसुद्धा त्या चेहऱ्यावरून नजर हलत नाही.

दुसरे चित्र याहून चमत्कारिक आहे. ते अबुल हसनने १६१६च्या सुमारास जहांगीर बादशहासाठी काढले आणि ते आता डब्लिनच्या चेस्टर बीटी ग्रंथालयात आहे. जहांगीर पृथ्वीच्या गोलावर उभा राहून बाण मारतो आहे, आणि समोर भाल्याच्या टोकावर मलिक अंबराचे तोडलेले मुंडके आहे! प्रत्यक्षात असे काही घडले नाही. जहांगिराच्या फौजांना अंबर काही सापडला नाही. १६२४ साली भातवडीला त्याने मोगल आणि आदिलशाही यांच्या एकत्र फौजेचा पाडाव केला आणि १६२६ साली तो आपल्या मरणाने मेला. खुलताबादला त्याची कबर आहे. बादशहाने जे तलवारीने साधले नाही ते कुंचल्याने साधून घेतले. मला हे चित्र पाहून नेहमी जहांगिराचीच कीव येते.

पण चित्रात असणे वेगळे आणि चित्र करणे वेगळे. सरदाराची छबी दुसऱ्याने काढली. ज्यांची छबी कोणी काढली नाही, जे ना पेशवे झाले ना नवाब, त्या हबशी माणसांनी या देशात स्वतःच्या हाताने काय काढले, हे शोधायचे तर जंजिऱ्याच्या उलट दिशेला, बेळगावच्या खाली काळी नदीच्या रानात जावे लागते.

तिथे जाण्यापूर्वी थोडी हकिगत सांगितली पाहिजे. पोर्तुगीजांनी मोझांबिकच्या किनाऱ्यावरून माणसे पकडून किंवा विकत घेऊन गोव्याला आणली. ती गोव्यातल्या घरांतून, शेतांवरून, गोद्यांतून राबली. त्यांतली पुष्कळ संधी मिळताच पळाली, आणि पळून जायला जागा एकच होती: घाटावरचे दाट रान. पोर्तुगीज राज्यातून गुलामगिरी कायद्याने उठली ती १८६९ साली. तोपर्यंत आणि त्यानंतरही ही माणसे कारवार जिल्ह्याच्या जंगलात, हल्याळ, यल्लापूर, मुंडगोड, अंकोला या तालुक्यांत वस्ती करून राहिली. काही कोकणी ख्रिस्ती राहिली, काही मुसलमान झाली, काही हव्यक ब्राह्मणांच्या सुपारीच्या बागांत राबता राबता हिंदू झाली. आडनाव बहुतेकांचे एकच, सिद्दी. सरकारने त्यांना २००३ साली अनुसूचित जमात मानले. बेळगाव आणि धारवाड जिल्ह्यांतल्या सिद्दींना मात्र त्यासाठी २०२० साल उजाडावे लागले. त्याच वर्षी शांताराम सिद्दी हे कर्नाटकाच्या विधान परिषदेवर नेमले गेले, त्या समाजातले ते पहिलेच.

या लोकांच्या बायका जुन्या कपड्यांची पांघरुणे शिवतात. त्यांना कवंदी म्हणतात. ही पांघरुणे रानाबाहेरच्या लोकांच्या नजरेत आली ती एका अमेरिकन माणसामुळे. हेन्री ड्रूअल हे विस्कॉन्सिन विद्यापीठातले आफ्रिकी कलेचे अभ्यासक. त्यांचे सारे आयुष्य पश्चिम आफ्रिकेतल्या योरुबा लोकांच्या कलेत गेले. या शतकाच्या आरंभी ते सिद्दींची माहिती काढीत इकडे आले आणि वलणीवर टाकलेल्या कवंद्या पाहून थबकले. २००४ साली त्यांच्या मदतीने सिद्दी बायकांची सहकारी मंडळी उभी राहिली, आणि २०११ साली न्यूयॉर्कच्या हार्लेम भागातल्या शॉम्बर्ग केंद्रात या कवंद्यांचे प्रदर्शन भरले. हार्लेम म्हणजे अमेरिकेतल्या काळ्या लोकांचे जणू पंढरपूर. हल्याळच्या ओसरीवर पोरासोरांनी लोळवलेली पांघरुणे तिथल्या भिंतींवर गेली.

त्या मुलीच्या भेटीनंतर दोन महिन्यांनी मी बेळगावला एका जुन्या विद्यार्थ्याकडे गेलो आणि त्याला घेऊन खानापूरवरून हल्याळच्या बाजूला एका वस्तीत पोहोचलो. माझी समजूत होती की आपण प्रदर्शनाची वस्तू पाहायला जातो आहोत. प्रत्यक्षात एक साठीची बाई पाय पसरून अंगणात बसली होती, तिच्या भोवती चिंध्यांचे तीन ढीग होते आणि चौथ्या ढिगावर कोंबडी बसली होती. ती जे बोलत होती ते कोकणी, मराठी आणि कानडी यांचे असे काही मिश्रण होते की पहिल्या दोन वाक्यांत मी हरवलो आणि तिसऱ्यात आपल्या घरी आलो.

आता शिवण्याची रीत. आमच्याकडे वाकळ करताना आधी जुनेर एकावर एक पसरून थर लावतात, कच्चे टाके घालतात, वर त्यातल्या त्यात धड लुगडे घेतात आणि मग काठापासून धावदोरा घालत सुटतात. ठिगळ लागते ते पुढे, झिजेल तिथे. कवंदीत हा क्रमच नाही. खाली एक जुनी साडी अस्तर म्हणून अंथरली की बाई एका कोपऱ्यापासून सुरुवात करते. तुकडा ठेवायचा, त्याची कड आत दुमडायची, धावदोरा घालायचा, की लगेच त्याला लागून पुढचा तुकडा. ठिगळ लावणे आणि गोधडी भरणे ही दोन्ही कामे एकाच टाक्याने होतात. काठाकाठाने चारी बाजू फिरून ती आत आत सरकत येते आणि शेवटचा तुकडा मध्यावर पडतो. आधी काही आखलेले नाही, मोजलेले नाही. मी विचारले, पुढचा तुकडा कोणता हे कसे ठरवता? तिने माझ्याकडे असे पाहिले की, पुढचा शब्द कोणता हे तुम्ही कसे ठरवता असे कोणी मला विचारले असते तर मीही तसेच पाहिले असते.

तिच्या हातातली कवंदी जवळजवळ संपत आली होती. लाल पोलक्याचा तुकडा, शाळेच्या निळ्या गणवेशाचा, एका लुंगीच्या चौकड्यांचा, आणि मध्येच कसल्याशा चकचकीत जरीचा एक पट्टा. जवळून पाहिले तर नुसता गोंधळ. मी चार पावले मागे सरलो आणि मग तो गोंधळ हालू लागला. निळा रंग एका कोपऱ्यातून निघून तिरपा दुसऱ्या कोपऱ्याकडे चालला होता, आणि लाल त्याला ठायी ठायी अडवीत होता. ख्रिस्ती घरातल्या काही कवंद्यांवर क्रूस असतो, मुसलमान घरातल्या काहींवर चंद्रकोर. या बाईच्या कवंदीवर तसली खूण नव्हती. होती ती फक्त चार कोपऱ्यांना कापडाच्या घड्यांची केलेली चार टोकदार फुले. ही फुले कशासाठी, असे विचारल्यावर ती म्हणाली की फुलांवाचून कवंदी नागडी.

हे ऐकून मी दचकलो, कारण आमची आजी वाकळ पुरी होत आली की शेवटचा कोपरा शिवण्याआधी त्यात भाकरीचा तुकडा घालायची. गोधडी उपाशी राहता कामा नये, म्हणायची. आमची उपाशी, त्यांची नागडी. पांघरूण हे माणूसच आहे, याविषयी मात्र दोघींत मतभेद नाही.

आता इतिहासाच्या शिक्षकाला न सोडवणारी शंका. ही कला आफ्रिकेची म्हणावी काय? ड्रूअल यांना या बायकांच्या रंगयोजनेत, टाक्यांच्या ठेक्यात आफ्रिकेचे काहीतरी दिसते, आणि त्यांनी आयुष्यभर आफ्रिकी कला पाहिलेली असल्यामुळे त्यांच्या डोळ्यांना मी मान देतो. परंतु धारवाडकडे घरोघर कौदी असते. कवंदी हा शब्द त्याच कुळीतला दिसतो. धावदोरा तर सगळ्या दख्खनचा आहे. माझ्यापुरते मी असे ठरवले आहे: सुई इथली, दोरा इथला, जुनेर इथल्याच बाजारातले, पण जे गुलाम म्हणून आणले गेले, ज्यांचे गाव, भाषा, देव आणि आडनावसुद्धा काढून घेतले गेले, त्यांनी हाती आलेल्या तुकड्यांतून काही एक अखंड करायचे ठरवले, ते ठरवणे त्यांचे स्वतःचे आहे. ते आफ्रिकेतून आले की रानात सुचले, याचा पुरावा मागत बसणे मला आता थोडे कोतेपणाचे वाटते. आमच्या आजीने वाकळ कोणापासून उचलली, हे तरी आम्हाला कुठे ठाऊक आहे?

आणि खुद्द आफ्रिकेत तरी आज कला म्हणजे काय चालले आहे? मोझांबिकचा मालंगाताना, जन्म १९३६. लोरेन्सु मार्किश शहरात, म्हणजे आजच्या मापुतोत, गोऱ्यांच्या टेनिस क्लबात चेंडू वेचणारा पोऱ्या होता. एका वास्तुशिल्पज्ञाने त्याला रंग आणि जागा दिली. त्याने दाटीवाटीने भरलेले, डोळे वटारलेले चेहरे रंगवले. पोर्तुगीज पोलिसांनी त्याला तुरुंगात टाकले, आणि स्वातंत्र्यानंतर तोच देशाचा पहिल्या मानाचा चित्रकार ठरला. घानाचा एल अनात्सुई नायजेरियातल्या न्सुक्का गावी विद्यापीठात शिकवीत असे. विसाव्या शतकाच्या अखेरीस त्याला दारूच्या बाटल्यांची फेकलेली झाकणे सापडली. ती चेपून, भोके पाडून, तांब्याच्या तारेने एकमेकांना जोडून त्याने भिंतभर लांबरुंद पडदे केले. दुरून सोन्याच्या जरीचा शालू वाटावा, जवळ जावे तर दारूच्या कंपन्यांची नावे! गोऱ्या व्यापाऱ्यांनी त्या किनाऱ्यावर दारू देऊन माणसे नेली, तेव्हा त्या झाकणांत नुसता भंगार माल नाही. २०१५ साली व्हेनिसच्या प्रदर्शनात त्याला जन्मभरच्या कामासाठी सुवर्णसिंह मिळाला. मला त्यात लक्षात राहिली ती वेगळी गोष्ट: त्याच्या कामशाळेत गावातली डझनावारी तरुण पोरे झाकणे चेपायला आणि तार ओवायला बसतात. काहींनी शिक्षणाचा खर्च त्यातून काढला. एका म्हाताऱ्या शिक्षकाभोवती गावच्या पोरांचा असा फड जमतो, हे मला व्हेनिसच्या सिंहापेक्षा मोठे वाटते. शिक्षक असल्यामुळे वाटत असेल.

अमेरिकेत अलाबामा राज्यात एक जीज बेंड नावाचे खेडे आहे. नदीच्या वळणात सापडलेले, तिन्ही बाजूंनी पाणी. तिथे पूर्वी कापसाच्या मळ्यावर गुलाम असलेल्यांची नातवंडेपतवंडे राहतात आणि त्यांच्या बायका कामाच्या विजारी आणि पिठाची पोती फाडून पांघरुणे शिवत आल्या आहेत. १९६२ साली पलीकडच्या काठाला जाणारी त्यांची होडी बंद झाली. हे लोक मतदानाचा हक्क मागायला पलीकडे जाऊ लागले होते. त्याच दशकात नदीवर मिलर्स फेरी येथे धरण झाले आणि गावची चांगली जमीन पाण्याखाली गेली. १९६६ साली आसपासच्या बायकांनी शिवणकामाची सहकारी मंडळी काढली. २००२ साली ह्यूस्टनच्या कलासंग्रहालयात या पांघरुणांचे प्रदर्शन झाले, पाठोपाठ न्यूयॉर्कला. २००६ साली त्यांची पोस्टाची तिकिटे निघाली. आणि २००७ साली त्यांतल्या काही बायका कोर्टात गेल्या, की आमच्या कामावर दुसऱ्यांनी पैसा केला आणि आम्हाला त्याचा वाटा मिळाला नाही. पुढच्या वर्षी आपसात तडजोड झाली.

हे वाचताना धरणाच्या वाक्याशी मी थांबलो. वाचकांपैकी जे मुळशीचे असतील तेही थांबले असतील.

निळा आणि मुळा यांच्या संगमापाशी धरण बांधून पाणी घाटाखाली भिऱ्याला सोडायचे आणि मुंबईला वीज द्यायची, अशी योजना आली तेव्हा आमच्या मावळातली बावन्न गावे धोक्यात आली. १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीला, सत्याग्रह सुरू झाला. पांडुरंग महादेव बापट आणि विनायकराव भुस्कुटे पुढे होते. बापटांना सेनापती हे नाव मिळाले ते इथे. मावळे आणि त्यांच्या बायका बांधकामाच्या दगडांवर जाऊन बसल्या, मार खाल्ला, तुरुंगात गेल्या. १९२४च्या अखेरीस बापटांना सात वर्षांची सजा झाली आणि चळवळ विझली. १९२७ साली भिऱ्याचे वीजघर चालू झाले. हा सारा इतिहास पुस्तकांत आहे, आणि मी तो वर्गात वर्षानुवर्षे सांगितलाही आहे.

आमचे गाव त्या पाण्यात गेले. आजी तेव्हा दहाबारा वर्षांची होती. तिच्या आईने निघताना जाते घेतले, देव घेतले आणि एक गाठोडे घेतले. त्या गाठोड्यात घरातल्या माणसांचे, आणि ज्या भावकीतल्या बायका घाटाखाली जाणार होत्या त्यांचे, एकेक जुने वस्त्र होते. परत भेट होणार नाही हे ठाऊक असल्यामुळे त्यांनी जुनेराची देवाणघेवाण केली होती. पुढे आजीने त्याची वाकळ केली. १९७० साली मी पुण्याला कॉलेजात निघालो तेव्हा तिने ती माझ्या वळकटीत घातली आणि म्हणाली, "पुण्याची थंडी बारीक आसती. ही घे. हिच्यात गाव हाय."

वसतिगृहात बाकीच्या मुलांपाशी सोलापुरी चादरी होत्या. मी आजीची वाकळ पहिल्या दिवशी गादीखाली घातली आणि वर कधी काढली नाही. दुसऱ्या वर्षी खोली बदलताना ती तिथल्या रखवालदाराला देऊन टाकली. सुट्टीत आजीने विचारले, तेव्हा धोब्याने हरवली म्हणून सांगितले. तिने धोब्याला शिव्या दिल्या. त्यानंतर दहाअकरा वर्षे ती होती, पण पुन्हा तिने तो विषय काढला नाही. सत्याग्रहाच्या तारखा मला आजही पाठ आहेत. त्या वाकळीत कोणाकोणाचे कपडे होते हे मात्र मी एकदाही विचारले नव्हते, आणि आता सांगणारे कोणी नाही. ते खाजगी कारण हे.

एवढे प्रायश्चित्त म्हणून असेल, चार वर्षांपूर्वी आमच्याकडच्या बायकांच्या बचत गटाने वाकळा विकायचे ठरवले तेव्हा मी त्यांचा कारकून झालो. तलावाच्या काठच्या एका विश्रामगृहाने पंचवीस नग मागवले. बायका हरखल्या. मग निरोप आला की रंग फार भडक आहेत, सगळे नग सारखे हवेत, आणि जुने कापड नको, पाहुण्यांना किळस येते. आम्ही नवे कापड पाठवतो. नवे कापड आले, फिकट राखाडी. बायकांनी पंचवीस सारख्या वाकळा शिवून दिल्या. पैसे आठ महिन्यांनी मिळाले, तेही तीन नग नापास करून. गटातली एक म्हातारी म्हणाली, "मास्तर, ही वाकळ नव्हं, ही सतरंजी." तिला त्या कामाचे पैसे मिळाले होते आणि पैशाची नड तिला माझ्यापेक्षा जास्त होती, तरी ती असे म्हणाली. हल्याळच्या मंडळींनाही गिऱ्हाईक या मापाचे आणि या रंगाचे हवे म्हणून सांगत असणारच. भिंतीवर टांगण्याचा मान आणि पांघरण्याचा हक्क ही दोन्ही एका घरात नांदतात की नाही, हे मला अजून उमगलेले नाही. पण जीज बेंडच्या बायका कोर्टात गेल्या हे वाचून मला वाईट वाटले नाही, उलट बरे वाटले. ज्यांचे काम फुकटच समजायचे अशी जगाची रीत होती, त्यांनी हिशेब मागितला.

त्या बाईकडून मी ती कवंदी विकत घेतली. तिने आधी विचारले, भिंतीला लावणार की अंगावर घेणार? मी म्हणालो, अंगावर. तेव्हा तिने ती परत मांडीवर घेतली आणि एका कोपऱ्यातले फूल ओढून पाहिले, जरा सैल वाटले म्हणून पुन्हा शिवले, आणि मग घडी करून दिली. येताना बसमध्ये मी ती मांडीवर घेऊन बसलो. शेजारच्या माणसाने विचारले, काय आहे? मी म्हणालो, वाकळ. तो म्हणाला, बेळगावात चांगल्या चादरी मिळतात.

घरी आणल्यावर आक्काने ती उन्हात नेली, उलटीपालटी करून पाहिली. तिचा पहिला शेरा असा की टाका लांब आहे. दुसरा असा की रंग लावणारीला अक्कल आहे. मग तिने फुलांना हात लावला आणि ती कशासाठी ते मी सांगितले. आक्का थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "आणि घास?" मी म्हटले, त्यांच्यात तसे आहे की नाही मला ठाऊक नाही. तिने आतून कात्री आणली, एका फुलाखालचे चार टाके उसवले, दुपारच्या भाकरीचा नखाएवढा तुकडा आत सरकवला आणि कोपरा पुन्हा शिवून टाकला.

ती कवंदी आता माझ्या पलंगावर असते. त्या कोपऱ्याला मुंग्या लागतात, अशी सूनबाईची तक्रार आहे.